हात लावू नये असा संगणक

प्रिय अन्सेल्मोमामा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी बंद केलेलं भाजलेलं मांस अजून मामीच्या नजरेआड चालू असेलच. माझं विचाराल तर मंगळवारी दुपारी अडीच वाजता मी एका संगणकाच्या पाठीवर हात ठेवला, तो गरम निघाला, आणि तेव्हापासून मी माणसांत नाही.

काचेच्या कपाटातला तो १९८४चा, टीव्हीला जोडायचा, कॅसेटवर चालणारा संगणक तुम्हाला आठवत असेल (आपल्या जुन्या संगणकांच्या क्लबाचे अध्यक्ष असून तुम्ही कोर्दोबाला जाऊन बसलात, म्हणून विचारतो). तो कै. रामिरो बास्केस यांचा. त्यांची मुलगी ऐलीन क्लबाच्या वस्तू सांभाळते आणि गेली नऊ वर्षं त्याला वीज लागू देत नाही. मी सभेत म्हणालो, बंद संगणक म्हणजे नुसतं प्लास्टिक, गावच्या जत्रेत तो सुरू करा. ती म्हणाली, चिप जळली तर नवी कोण बनवणार? मी म्हणालो, मी. "इंजिनीअरिंग अर्धवट सोडून?" सगळे हसले. मी खुर्चीला लाथ मारली, ती लोखंडी होती. (या मुलीवर माझं गेले चौदा महिने प्रेम आहे, हे तिला सोडून सगळ्या क्लबाला ठाऊक आहे.)

म्हणून दुपारच्या झोपेची वेळ साधली. त्या वेळात आपल्या ला बांदा गावात बेकरीचं कुत्रंसुद्धा भुंकत नाही. बल्ब बदलायला दिलेली क्लबाची किल्ली माझ्याकडे होतीच. गुपचूप सुरू करायचा आणि तिला तोंडावर पाडायचं, असा बेत. पडदे ओढलेले, कपाट उघडं, संगणक टेबलावर. हात ठेवला तर गरम. आणि टेबलाच्या पलीकडे जमिनीवर, चपला काढून, कीबोर्ड मांडीवर आणि येर्बा चहा प्यायचा भोपळ्याचा पेला शेजारी घेऊन ऐलीन बसलेली. मला श्वाससुद्धा दुरून घ्यायला लावणारी ऐलीन, उघड्या हातांनी!

"ऐलीन, तू?"

"हळू बोल. शेजारी झोपलेत."

"आणि मला वर्षभर हातमोजे?"

"तुझे हात चिकट असतात."

तिच्यासमोर जमिनीवर ठेवलेल्या टीव्हीवर एक प्रश्न होता: आज शाळेत काय झालं? ती आठ वर्षांची असताना बाबांनी तिच्यासाठी लिहिलेला. काहीही टाइप करा, उत्तर एकच येतं: छान, आता हात धू. दर मंगळवारी ती येते. "जत्रेत पोरं दिवसभर बडवतील," ती म्हणाली. "एक दिवस हा बंद पडणारच आहे. तेव्हा समोर मी असायला हवी."

 

तुमचा,
नाउएल

ता. क. गुरुवारी मतदान आहे, सात विरुद्ध सात, म्हणजे निकाल अध्यक्षांच्या मतावर. (मीच बाजू बदलली तर सगळा क्लब कारण खणून काढेल.) 'सुरू करावा' असं तुमचं लेखी मत मी भांडून मागवलं होतं. ते फाडा. 'हात लावू नये' असं लिहून लगेच पाठवा. कारण विचारलं तर वयावर ढकला. मंगळवारबद्दल मामीलासुद्धा सांगू नका.

ता. क. २. तो चालताना नीट पाहिलास का, विचाराल. ऐलीन बाजूला सरकली होती, हवं तर बस म्हणाली. वर्षभर या दोन्ही गोष्टींसाठी जीव टाकत होतो. पण प्रश्नापुढे तिने टाइप केलेल्या ओळीत मला माझं नाव दिसलं. पुढचं वाचलं नाही. ते तिला बाबांना सांगायचं होतं. मी बाहेर आलो आणि दार हळूच लावून घेतलं.