रविवारचं मौन

मंगळवार, १२ मार्च

ती. अक्का,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, तेव्हा आपली पत्रंच बरी. गुडघ्याला शेक देतेस की नुसती सांगतेस?

माझं उत्तम चाललंय. दुकान बंद झाल्यावर माझी काय अवस्था होती ते तू पाहिलं आहेस. अडतीस वर्षं कोट कापले, हात स्वस्थ बसेनात, म्हणून घरातल्या धडक्या चादरी कापत सुटलो होतो. दहा दिवसांच्या ध्यानशिबिराहून आल्यापासून ते थांबलं. सकाळी तासभर बसतो, संध्याकाळी तासभर. श्वास येतो, जातो, आपण बघायचं. मनात काही उसळलं तर तेही बघायचं. तेही आलंय तसं जाणार. आणि शनिवार संध्याकाळपासून रविवार संध्याकाळपर्यंत मौन. फोन कपाटात, दारावर पाटी. दूधवाल्यालासुद्धा आता माझ्या खुणा कळतात.

परवाच्या रविवारी परीक्षाच झाली. आपली ठकी न कळवता आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, बाबा, थोडं बोलायचंय. मी पाटी दाखवली. ती म्हणाली, माहीत आहे, पण आजच्या दिवस सोडा ना. मी नाही अशी मान हलवली, तशी ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि रडायलाच लागली. पूर्वीचा मी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं, जावयाला शिव्या घातल्या असत्या. या वेळी माझ्याही छातीत काहीतरी जोरात वर आलं, पण मी नुसतं बघितलं, आणि अक्का, ते खरंच खाली बसलं! मग एका चिठ्ठीवर ‘हेही जाईल’ एवढंच लिहून तिच्यापुढे ठेवलं. तिने वाचलं, डोळे पुसले, सिंकमधले कप विसळले आणि दोनच्या बसने गेली. ऑफिसात काहीतरी बिनसलं असणार. सांगायचं एवढंच, की तुझा भाऊ या वयात थोडासा सुधारला.

लोभ ठेव आणि गुडघ्याकडे बघ.
तुझा,
मास्तर

*

शनिवार, १६ मार्च

चि. मास्तर यास,
आशीर्वाद देते, पण आज हात आखडूनच देते.

तुझं पत्र आलं तेव्हा ठकी माझ्या मागच्या खोलीत झोपली होती. दोनच्या बसने ती स्वतःच्या घरी गेलीच नाही, माझ्याकडे आली. तुझं पत्र मी संडासात जाऊन वाचलं, तिच्या हाती लागायला नको म्हणून. या वयात ही वेळ आणलीस.

पोरीला चौथा महिना होता. पाचवा लागला की सगळ्यांना सांगू, असं दोघांनी ठरवलं होतं, म्हणून तुला-मला पत्ता नाही. गेल्या आठवड्यात गुरुवारी ते गेलं. जावई कामासाठी लांब, त्याला सुटायला महिना लागणार. दवाखान्यात दोन दिवस एकटी होती. शनिवारी सोडलं आणि रविवारी पहिल्या बसने तीन तास हादरे खात ती तुझ्याकडे आली. फोनवर सांगवेना म्हणून आली. आणि तू तिला चिठ्ठी दिलीस!

तिच्या हातात आठ दिवसांच्या कपड्यांची पिशवी होती. ती दिसली नाही तुला? का डोळे मिटून श्वास मोजत होतास? राहिली का नाहीस म्हणून मी विचारलं, तर म्हणते, बाबा आत्ता कुठे सावरलेत, त्यांना कशाला त्रास. कपाळ माझं!

तुझं ध्यान वाईट, असं मी म्हणत नाही. तू चादरी कापायचा थांबलास, त्यासाठी मी त्या लोकांचे शंभरदा उपकार मानते. पण तुला मी लहानपणापासून ओळखते. बायको गेली तेव्हाही तू रडला नाहीस. तेव्हा शिबिर नव्हतं, दुकान होतं, एवढाच फरक. पोटच्या पोरीसमोर जी शांती हलत नाही, ती घाल चुलीत.

ती जेवते, थोडं थोडं. तुझ्याबद्दल बोलत नाही.

तुझी,
अक्का

*

बुधवार, २० मार्च

ती. अक्का,
सा. न.

तुझं पत्र दारातच उभ्याने वाचलं. चपला घातल्या, स्टँडवर गेलो, तिकीट काढलं आणि बस निघून गेल्यावर तिकीट हातात घेऊन परत आलो. कोणत्या तोंडाने येऊ?

काल शिबिरातल्या बाईंकडे गेलो. त्या पूर्वी शाळेत शिकवत, आता आम्हाला बसायला शिकवतात. सगळं सांगितलं. मला वाटलं, म्हणतील की जे झालं ते झालं, श्वासाकडे परत या. पण त्या म्हणाल्या, शिबिरात मौन जमतं, कारण तिथे आपलं माणूस समोर येऊन रडत नसतं. घरात कुणी रडत आलं की मौन तिथल्या तिथे सुटतं, हे मी शेवटच्या दिवशी सगळ्यांना सांगते, तुम्ही कुठे होतात?

अक्का, मी खोलीत होतो. दहाव्या दिवशी मौन सोडतात, सगळे बोलायला लागतात, मैत्रीभावना शिकवतात, दुसऱ्याचं दुःख आपल्या मनात कसं घ्यायचं ते. मला ती गडबड नको वाटली. आपल्याला हवं ते मिळालं, म्हणून मी आत दार लावून बसलो. नऊ दिवसांचं शिकून घरी आलो आणि स्वतःला सुधारलेला म्हणवून घेतलं. बाई रागावल्या नाहीत. तुम्हाला शांत व्हायचं नव्हतं, तुम्हाला लपायला जागा हवी होती, एवढंच म्हणाल्या. लाज वाटली गं. अजून वाटते.

मी येऊ का? तिला विचार. नको म्हणाली तर तसं लिही, गोड करून लिहू नकोस.

तुझा,
मास्तर

*

रविवार, २४ मार्च

चि. मास्तर,
अ. आ.

विचारलं. नको म्हणाली. पत्र लिहिलंस तर वाचेन म्हणते. तेव्हा लिही, पण एक ऐक: उपदेशाचं एक अक्षर असलं तर मीच फाडून टाकीन.

काल तिने माझ्या उशीचे अभ्रे शिवले. टाके तुझ्यासारखेच बारीक घालते. तुझ्या स्वयंपाकाची मला काळजी वाटते, पण आज ते विचारणार नाही.

अक्का

*

गुरुवार, २८ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

चार कागद फाडले, हा पाचवा. मी चुकलो, बाळा. तू माझ्यासमोर रडत होतीस आणि मी स्वतःकडे बघत बसलो. याला मी प्रगती म्हणत होतो.

एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली नाही, ती सांगतो. तुझ्या आधी दोन वर्षं तुझ्या आईचंही असंच गेलं होतं. पाचवा संपत आला होता. सकाळी दवाखान्यातून तिला घरी आणलं, शेजारणीला जरा लक्ष ठेवा म्हणालो आणि दुकानात गेलो. घाईचं काम होतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. संध्याकाळी आलो तर तिने उठून स्वयंपाक केला होता. मी जेवलो. त्यानंतर ती होती तोवर आम्ही त्यावर एक शब्द बोललो नाही. तिला त्रास होईल म्हणून मी बोलत नाही, असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. आज सांगायला ती नाही.

मी अजून रोज बसतो. पण जे वर येतं ते आता दाबत नाही. परवा एवढ्या मोठ्याने रडलो, की शेजारच्यांनी दार वाजवलं. बाई म्हणतात, आता सुरुवात झाली. मला मात्र फार उशीर झाला असं वाटतं.

तू म्हणशील तेव्हा येईन. नाही म्हणशील तर येणार नाही. काही दुखतं का, औषधं घेतेस का, झोप लागते का, हे मला त्या दिवशी विचारायचं होतं. आज विचारतो.

तुझे,
बाबा

*

गुरुवार, ४ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दुखणं थांबलंय. औषधं परवा संपली. झोप पहाटे लागते. विचारलंत, बरं वाटलं.

आत्याने तुमचं पत्र आधी स्वतः वाचलं, मग नाक पुसत मला आणून दिलं. ती रागावलेली दिसते तेवढी नाही, तिला लिहीत राहा.

बाबा, ती गोष्ट मला माहीत होती. आई शेवटी आजारी होती तेव्हा तिने सांगितली. तिच्या मनात तुमच्याबद्दल राग नव्हता. ती म्हणाली, त्या दिवशी तुझ्या बाबांनी अकरा कोट कापले आणि अकराच्या अकरा परत आले, सगळ्यांच्या बाह्या आखूड. दुकानाच्या मालकाला वाटलं, हा पिऊन आलाय. दुकानातल्या कारागिराच्या बायकोकडून आईला ते कळलं, आणि कळलं त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली. म्हणाली, तो बोलणार नाही, पण कधी तुझ्यावर अशी वेळ आली तर त्याच्याकडे जा, त्याला कळेल.

म्हणून मी इकडे आत्याकडे न येता आधी तुमच्याकडे आले होते. मला उपाय नको होता. माझ्याबरोबर तुमचंही काहीतरी चुकावं, त्या बाह्यांसारखं, एवढंच हवं होतं.

शनिवारी हे परत येतायत, मी घरी जाते. इतक्यात येऊ नका. मी रागावलेली नाही, खरंच नाही. पण तुमच्यासमोर बसून पुन्हा रडणं मला आता जमेल असं वाटत नाही, आणि खोटं हसायला मी तुमच्याकडे येणार नाही.

माया आहे, ती कमी होणार नाही.

तुमची,
ठकी