अर्धा श्वास आधी

हेलासे बेट
५ फेब्रुवारी २०१८

चि. मर्सली हिस,
एफी आत्याचा प्रभूमध्ये सलाम व अ. आ. वि. वि.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. रविवारी आम्ही लेखणीला हात लावत नाही, म्हणून आज लिहिते. आपल्याच चर्चच्या पाळकपदासाठी अर्ज केलास, आणि तोही जोडीदार म्हणून जिनेटचं नाव ठळक लिहून! तुझा बाप असाच. समोर खडक दिसला तरी होडी वळवायची नाही. चौदा मार्चला आम्ही नऊ पंच मत देणार. चार तुझ्या बाजूचे, चार विरुद्ध, नववी मी. सध्या जो तो माझ्याकडे चहाला येतो. इतके स्कोन मी तुझ्या बापाच्या मयतालाही भाजले नव्हते.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. आमचे जुने पाळक वारल्यापासून मर्डो उपासना चालवतो. स्तोत्राची ओळ तो देतो, मागून आम्ही उचलतो. नव्या वर्षापासून त्याच्या अर्धा श्वास आधी तीच ओळ वरच्या गॅलरीतून येते. लाकूड किडलं तेव्हापासून गॅलरीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याच खिशात असते. कुणी वर बघत नाही. बाहेर पडल्यावर सगळे हवेबद्दल बोलतात. आवाज कुणाचा म्हणशील तर... असो.

लोभ आहे, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
एफी आत्या


ग्लासगो
१२ फेब्रुवारी

ती. एफी आत्यास,
मर्सलीचा सा. सलाम. पत्र पावले.

जिनेट म्हणते, फुकट स्कोन मिळत असतील तर तीही पंच व्हायला तयार आहे. हसून घे, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. माझं शिक्षण संपून तीन वर्षं झाली. एखाद्या चर्चच्या मंडळीनं बोलावल्याशिवाय पाळकपदाची दीक्षा मिळत नाही, आणि तीन मंडळ्यांनी मला गोड बोलून परत पाठवलं. एकीनं तर विचारलं, पाळकघरातली दुसरी खोली कुणासाठी. मी म्हटलं, पुस्तकांसाठी. त्यांना ते आवडलं नाही.

आत्या, तू ‘असो’ लिहिलंस की मला धडकी भरते. तो आवाज कुणाचा? बाबा म्हणायचे, माझा गळा कॅनडातल्या याखनकाकावर गेलाय. त्याचा पत्ता तुझ्याकडे असेल तर दे, दीक्षेला त्यालाही बोलावीन. आणि खरं सांग, तुझं मत कुणाला? ‘नाही’ म्हणालीस तरी चालेल, पण मला तुझ्याकडून कळू दे.

माया असू द्यावी.
तुझीच,
मर्सली


हेलासे बेट
२० फेब्रुवारी

चि. मर्सली हिस अ. आ.

याखनचा पत्ता माझ्याकडे नाही. तो कॅनडाला कधी गेलाच नाही.

माझा धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा होता. त्यालाही पाळक व्हायचं होतं. १९७१च्या जूनमध्ये पाळक ठरवणाऱ्या प्रांतसभेच्या समितीकडे त्याच्याबद्दल कुजबुज पोचली आणि नऊ तारखेला त्यांनी मला बोलावलं. शपथ घालून विचारलं, म्हणून मी सांगितलं की होडीच्या शेडमध्ये त्याला एका पाठमोऱ्या पुरुषाच्या मिठीत पाहिलंय. त्या संध्याकाळी याखन माझ्याशेजारी बसून जेवला. माझ्या ताटातले बटाटे सोलून दिले. अकरा तारखेला त्याची होडी सापडली. समुद्र शांत, वल्ही नीट आत ठेवलेली, आत कुणी नाही.

आईनंच कॅनडाचं सांगायला सुरुवात केली. त्याच्या नावानं ती स्वतः पत्रं लिहायची आणि शनिवारी शेजाऱ्यांना वाचून दाखवायची. तिकडे बर्फ फार, पगार बरा. शेवटी शेवटी ती त्या पत्रांना उत्तरंही लिहायला लागली. तुझा बाप तेव्हा शाळेत होता, त्याला ते खरंच वाटलं.

गॅलरीत तो आहे, मर्सली. सत्तेचाळीस वर्षांनी मला तो आवाज ओळखायला एकच शब्द पुरला. त्याला घालवणारी जीभ माझी. आता त्याच जिभेनं तुझ्याबद्दल काय बोलू?

अपराधी,
एफी आत्या


ग्लासगो
२ मार्च

ती. आत्यास सलाम.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी तुझ्यावर फार रागावले होते. तिसऱ्या दिवशी एडिंबराला दप्तरखान्यात गेले. प्रांतसभेची जुनी कागदपत्रं तिथे आहेत. नक्कल सोबत जोडली आहे, पण आधी माझ्याकडून ऐक.

याखनकाकानं दोन जूनलाच समितीला स्वतः पत्र लिहून सगळं कबूल केलं होतं. चार जूनला त्यांनी त्याला नाकारल्याचा ठराव लिहिला, सह्याही झाल्या. तुला बोलावलं नऊ तारखेला. आत्या, त्यांना काही कळायचं राहिलं नव्हतं. घरातल्या कुणाच्या तरी तोंडून ते निघावं, एवढंच त्यांना हवं होतं.

त्याच्या पत्राची शेवटची ओळ अशी आहे: माझ्या घरच्यांना यात ओढू नका, एफीला तर मुळीच नाही.

मत तुला वाटेल तिकडे दे. मी तुझीच आहे.
मर्सली


हेलासे बेट
१६ मार्च

चि. मर्सली व चि. जिनेट यांस सलाम व उ. आ.

पाच विरुद्ध चार. तुझी दीक्षा इथेच होणार.

मत देण्याआधी मी उभी राहून ती नक्कल अक्षर न् अक्षर वाचली आणि नऊ जूनला आलेली साक्षीदार मीच, हेही सांगितलं. वर गॅलरीत लाकूड करकरलं, जसं कुणी बसता बसता पुढे वाकावं. या वेळी मात्र सगळ्यांनी वर पाहिलं.

विरुद्धच्या चौघांत मर्डो होता. तुझी निवड झाली तर पलीकडच्या चर्चमध्ये जाईन, असं तो महिनाभर सांगत फिरत होता. काल दुपारी तो दारात आला. टोपी हातात. आत ये म्हटलं, तर आला नाही. विचारलं, याखनच्या पत्रात शेडमधल्या दुसऱ्या माणसाचं नाव आहे का. मी म्हटलं, नाही. त्याचा विश्वास बसेना. कागद दिला. चष्मा लावून त्यानं तो दोनदा वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा उलटून पाहिली. मग उंबऱ्यावरच बसला. एकाहत्तर वर्षांचा माणूस. मीही शेजारी बसले. भरती उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच होतो.

उठताना तो म्हणाला, समितीनं याखनला नाव विचारलं असणारच. मी म्हटलं, विचारलंच असेल, त्यानं दिलं नाही. मग त्यानं विचारलं, पोरींची बोट कधीची. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी चार वाजता. टोपी डोक्यावर घालून तो गेला.

धक्क्यावर दुसरं कोण येईल ते सांगता येत नाही. मी असेन. गरम कपडे आणा, आणि माझ्यावरची माया उतरू देऊ नका.

तुमची,
एफी आत्या