मुदतीबाहेरची हरकत

ता. ४ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

भिंगरीच्या बाबाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली आहे, आगगाडीने एकोणीस तासांवर. लेकीला घेऊन जायचं म्हणतो. मी दवाखान्यात होते तेव्हा पोर त्याच्याकडे गेली, ती कोर्टाच्या कागदावरही त्याचीच झाली. माझ्या वाट्याला रविवार उरले. आता तेही जाणार.

वकीलबाई म्हणाल्या, अडवायचा हक्क तुम्हाला आहे, पण लेखी हरकत दोन एप्रिलच्या आत कोर्टात पोचली पाहिजे. दोन पानं लिहून सोबत पाठवते आहे. शाळेपासून तुझ्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय माझा एकही कागद बाहेर पडलेला नाही. लग्नाचा होकारसुद्धा तूच सुधारून दिला होतास. तिथे मात्र एक मोठी चूक तुझ्या नजरेतून सुटली! कोर्टाचा पत्ता घातलेलं पाकीट आत आहे. तपासलंस की तिथूनच टाक.

रविवारी भिंगरी लॉन्ड्रीत माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली बसून गिऱ्हाइकांच्या कोटांना नावं ठेवत होती. हा चिडका, हा घोरणारा.

भावोजींना नमस्कार. उत्तराची घाई नाही, पाकिटाची आहे.

तुझी धाकटी


ता. १२ एप्रिल

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

यांना अचानक ऑपरेशनला न्यावं लागलं. पाच आठवडे तिथल्या बाकावर काढले. तू काळजी करशील म्हणून कळवलं नाही. काल घर उघडलं, तर दारामागे तुझं पाकीट.

चहा टाकला आणि सवयीने पेन उघडलं. चार दुरुस्त्या केल्या, आणि मग तारीख वाचली. नऊ दिवस उलटून गेले होते.

तशीच धावत जाऊन टाकलं. वकीलबाईंना सांग, दोष बहिणीचा आहे. हे पत्र दाखव त्यांना. तू लिहिलं होतंस ते नीटच होतं. मी हात लावायची गरजच नव्हती.

शिव्या घाल, पण लिही.

तुझी ताई


ता. ९ मे

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र न्यायाधीशांनी वाचलं. वाईट बोलले नाहीत. म्हणाले, हरकत मुदतीत आली असती तर मुलीला नेणं थांबवून तुमचं ऐकलं असतं. आता तिकडे घर घेतलंय, शाळेत नाव घातलंय. सुट्टीतला एक महिना मला दिला. मग विचारलं, बाई, हा कागद तुम्ही स्वतःच का नाही आणून दिलात? तुझ्यावर रागवायला गेले की हाच प्रश्न आडवा येतो.

काल स्टेशनवर भिंगरीने विचारलं, तू नको का म्हणाली नाहीस? मी म्हटलं, म्हणाले गं, पण उशीर झाला. ती म्हणाली, शाळेत उशीर झाला तरी आत घेतात. मग बाबाने हात धरला तशी चढली.

भावोजींना जप. थोडे दिवस माझ्याच्याने लिहिणं होणार नाही. लोभ होता तेवढाच आहे, एवढं धरून चाल.

तुझी धाकटी