माहेरचा अँटिव्हायरस, सासरचा अँटिव्हायरस

३ जून २००५
वीस तारखेला सासूबाईंचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. नंतर आवाज नाही. त्यांच्या तंजावरच्या घरातली मराठी गाणी आता फक्त त्यांनाच येतात. मी सगळी संगणकावर रेकॉर्ड करणार आहे. वेळ भरपूर आहे.

५ जून
माझा भाऊ देवेश अड्यारहून येऊन अँटिव्हायरस घालून गेला. "ताई, आता निर्धास्त."

६ जून
विजयेंद्र भावोजींनी टी. नगरहून दुसरा आणला, खास माझ्यासाठी. देवेशचा काढा म्हणाले. "अय्यो वैनी, एका गेटवर दोन वॉचमन ठेवले तर एकमेकांनाच चोर म्हणतील." देवेशला फोन केला. तो म्हणाला, मग त्यांचा काढ.
माहेरचा काढायचा की सासरचा? दोन्ही ठेवले. दुप्पट संरक्षण, आणि कुणी दुखावलं नाही. हे मला लग्नापासून जमतं.

९ जून, दुपार
सासूबाई गायल्या. मध्येच खोकला, रुमालाला रक्त. माझं लक्ष स्क्रीनवर. एका अँटिव्हायरसने दुसऱ्याला धोका ठरवलं, दुसऱ्याने पहिल्याला. अडवू का? दोघांनाही 'हो' दाबलं. पक्षपात नको.

१३ जून
संगणक सुरू होईपर्यंत सासूबाई खुर्चीतच पेंगतात. गाण्यांच्या फाइली उघडत नाहीत. पण नावं दिसतात, म्हणजे आहेत. देवेश फोनवर ओरडला, आजच एक उडव आणि उघडेल त्याची सीडी काढ. मी म्हटलं, ऑपरेशननंतर बघू. घरात आधीच ताण आहे.

१७ जून
नावंही दिसत नाहीत. दोघांपैकी कुणीतरी सुरक्षित जागी हलवली असणार.
सासूबाईंनी विचारलं, "आलं का गं सगळं?" आलं म्हटलं. "अजून एक आठवलंय," म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. मी म्हटलं, नको, घशाला आराम द्या.

२० जून
ऑपरेशन नीट झालं. घरी येऊन संगणक लावला. निळी स्क्रीन. पुढे काही नाही.

२६ जून
देवेशने फॉरमॅट केलं. गाणी भावोजींच्या अँटिव्हायरसने खाल्ली म्हणाला. भावोजी म्हणाले, देवेशच्या. दोघांनाही "असेल हो" म्हटलं. निदान भांडण टळलं.

४ जुलै
सासूबाई घरी आल्या. गळ्याला पट्टी, तशाच खुर्चीत बसल्या आणि संगणकाकडे बोट केलं. लाव.
मी म्हटलं, त्याची काय गरज आई, मला सगळी पाठ झालीत. त्या हसल्या. डोळे मिटून वाट बघू लागल्या.
मी तोंड उघडलं. एकच चाल आठवली, संगणक सुरू होताना वाजते ती.