बाबांची बस आणि स्वस्तातलं कार्ड

प्रिय ताई,

माझं पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधी हे लिहितो की बाबा बरे आहेत. जेवतात, झोपतात, सकाळी गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालतात. रविवारी तू येणार म्हणून त्यांनी बॅगही भरून ठेवली आहे. बस डेपोतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त होताना मिळालेली ती निळी बॅग. ती दाराशीच आहे आणि मी रोज कामावर जाताना तिला वळसा घालून बाहेर पडतो. सोमवारी तुझ्याकडचे डॉक्टर त्यांची स्मरणशक्ती तपासणार आणि त्यानंतर ते कायमचे तुझ्याकडेच राहणार, असं तुम्हा दोघांचं फोनवर ठरलं. मी बाजूलाच उभा होतो आणि मीही हो म्हणालो. त्याच्याबद्दलच लिहायचं आहे, पण मला एकदम मुद्द्यावर येता येत नाही हे तुला ठाऊक आहे. शाळेत माझ्या निबंधाची प्रस्तावनाच पानभर व्हायची आणि तू मला चिडवायचीस, ए मोजपट्टी, मूळ विषय पुढच्या वर्षी लिहिणार का रे? पुढच्या वर्षी मी शाळेतच नव्हतो, तो भाग निराळा.

निवृत्तीनंतर बाबा कसे झाले होते ते तू पाहिलं आहेस. गॅलरीत बसून खालच्या गाड्यांवर खेकसायचे. अरे, इंडिकेटर काय शोभेला लावलाय? मग मी गंमत म्हणून टीव्हीला जोडलेल्या माझ्या गेमच्या डब्यावर तो बस चालवायचा गेम घातला. पहिले काही दिवस, पोरांचे खेळ मला नकोत, असं चाललं होतं. एक दिवस मी गोदामातून परत आलो तर बाबा टीव्हीपुढे खुर्चीत ताठ बसलेले, डोळ्यांवर चष्मा आणि पायात बूट. घरात बूट कशाला, विचारलं तर म्हणाले, चपला घालून गाडी चालवतात का? तेव्हापासून रोज संध्याकाळी चहा झाला की बूट. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका येऊन त्यांच्या मागे स्टूल घेऊन बसायचे आणि म्हणायचे, मास्तर, मला जरा बाजारात सोडा. बाबा मान न वळवता म्हणायचे, सुट्टे काढून ठेवा. त्या खेळात एक म्हातारी हळूहळू चढते. ती बसेपर्यंत बाबा गाडी हलवायचे नाहीत. मागचे खोटे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे आणि बाबा त्यांना खऱ्या शिव्या द्यायचे. फेरी संपली की पडद्यावर यायचं, एकही अपघात नाही. ते वाचताना त्यांचा चेहरा असा व्हायचा, जणू डेपो मॅनेजरने सगळ्यांसमोर नाव घेतलं आहे.

अडचण जागेची होती. डब्यात जागा थोडी आणि हल्लीचे गेम अवाढव्य. बाबांचा गेम ठेवला की माझा फुटबॉलचा काढावा लागायचा, माझा घातला की त्यांचा. काढलेला नेटवरून परत उतरवून घ्यायला पूर्ण दिवस जायचा आणि तोवर बाबा बूट घालून बसलेले. जागा वाढवायची तर कंपनीचंच कार्ड लागतं. त्याची खाच अशी विचित्र बनवली आहे की दुसऱ्या कुणाचं त्यात बसतच नाही. साधी डिस्क वायरने जोडता येते, पण तिच्यावर नवा गेम नुसता ठेवता येतो, चालवता येत नाही. आणि त्या बोटभर कार्डाची किंमत जवळजवळ निम्म्या डब्याएवढी. मी बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे बस विकत घ्यायची, आणि सामान ठेवायला टप पाहिजे तर तो वेगळा? तोही त्यांच्याकडूनच? त्यापेक्षा लोकांनी मांडीवर सामान घ्यावं. हे त्यांनी तुला फोनवर सांगितलं आणि तू दुसऱ्याच दिवशी पैसे पाठवलेस. वर मला बजावलंस, कंपनीचंच घे, उगाच काटकसर करू नकोस.

ताई, मी कंपनीचं घेतलं नाही. दुकानात जाऊन किंमत दोनदा वाचली आणि डोकं फिरलं. एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे म्हणजे आपल्याला मूर्ख समजतात, असं वाटलं. स्टेशनामागे एक मोबाइल दुरुस्तीवाला आहे. त्याच्याकडे तसंच कार्ड होतं, तोच रंग, तोच आकार, अगदी पाव किमतीत. माझं काम काय आहे ते तुला माहीत आहे. दिवसभर खोक्यांवरची सील तपासतो आणि वाकडं सील दिसलं की माल बाजूला काढतो. त्या कार्डाच्या खोक्यावरचं सील वाकडं होतं. ते मला दिसलं आणि तरी मी ते घेतलं. घरी येऊन डब्याला लावलं तर पडद्यावर पूर्ण जागा दाखवली. मला वाटलं, बघा, कंपनीला कसं बनवलं. उरलेल्या पैशांत माझ्यासाठी फुटबॉलचा नवा गेम घेतला. बाबांना आणि तुला सांगितलं की कार्ड कंपनीचं आहे आणि गेम माझ्या पगारातला आहे. आधी बाबांचा गेम आणि त्यांच्या आजवरच्या सगळ्या फेऱ्या त्या कार्डावर हलवल्या. त्यानंतर माझा नवा गेम त्याच्यावर उतरवायला लावून कामावर गेलो.

संध्याकाळी आलो तर बाबा खुर्चीत बसून होते आणि पडद्यावर काही नव्हतं. बसचं चित्र गेलं होतं, गाव गेलं होतं, सगळ्या फेऱ्या गेल्या होत्या. माझा गेम तेवढा दिसत होता. बाबा म्हणाले, मी आताच लावला रे, तर असं झालं. माझ्या हातून काही दाबलं गेलं का? ताई, तेव्हा मला कारण नक्की ठाऊक नव्हतं, पण ते वाकडं सील डोळ्यांसमोर आलं. मी गप्प राहिलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी विचारलं, तुम्ही कुठलं बटण दाबलंत? नीट आठवा. वर आवाजही चढवला. बाबा आपल्या दोन्ही हातांकडे बघत म्हणाले, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी ते कार्ड उघडलं, आत साधंच मेमरी कार्ड होतं, ते गोदामातल्या संगणकाला लावून बघितलं. ते खोटं होतं. जागा मोठी दाखवायचं, पण खरी जागा तिच्या छोट्याशा भागाएवढीच होती. भरली की गुपचूप पहिल्यापासून परत लिहायला लागायचं. सगळ्यात पहिली होती बाबांची बस. माझा फुटबॉल तिच्यावरून गेला. दुरुस्तीवाल्याकडे गेलो तर तो हसायला लागला. म्हणाला, एवढ्या पैशांत खरं मिळत असतं तर मी इथे मोबाइलचे पडदे बदलत बसलो असतो का? मी घरी आलो ते बाबांना सांगायचंच असं ठरवून. पण ते गॅसच्या बटणाशी वाकून उभे होते. बंद केलेलं बटण पुन्हा पुन्हा दाबून बघत होते. मला बघून कसंनुसं हसले आणि म्हणाले, हल्ली भरवसा नाही बाबा माझा. आणि मी काही न सांगताच चहा टाकायला गेलो.

त्यानंतर जे झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. त्यांनी स्कूटरची किल्ली माझ्या हातात दिली, आता नको म्हणाले. लिफ्टमध्ये शिरले की शिंपीकाकांना विचारतात, कितवं बटण दाबू? बँकेचं कार्ड माझ्याकडे ठेवायला दिलं. बूट पिशवीत घालून कपाटावर ठेवले. नळ बंद आहे का बघायला गेले आणि तेवढ्यात दूध उतू गेलं. ते मीच तुला फोनवर सांगितलं. छत्री दुकानात विसरले तेही मीच सांगितलं. मी आयुष्यभर छत्र्या विसरत आलो आहे, मला कुणी डॉक्टरकडे नेलं नाही. पण एकदा त्यांचं डोकं चालत नाही असं घरात ठरलं की माझी चूक त्यात आपोआप झाकली जात होती, म्हणून मी एकेक गोष्ट तुझ्याकडे पोचवत राहिलो. तू काळजीने प्रश्न विचारायचीस आणि मी अगदी बारकाईने उत्तरं द्यायचो. तू म्हणालीस, मोजपट्टी, तू जवळ आहेस म्हणून मला कळतंय तरी. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आणि हेही लिहून टाकतो, की तू त्यांना घेऊन जाते म्हणालीस तेव्हा मला क्षणभर हायसं वाटलं होतं. रोज त्यांच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही म्हणून.

परवा मी माझा गेम काढून टाकला आणि बाबांचा परत घातला, डब्याच्याच जागेत. पहिल्यापासून सुरू होतो, म्हणजे तेच गाव, पण त्यांची एकही फेरी नाही. चला म्हणून हाक मारली तर स्वयंपाकघरातूनच म्हणाले, नको, पुन्हा काही बिघडवीन. मग मीच चालवायला बसलो. मला बस कुठे येते? पहिल्याच वळणावर कुंपणात घातली. पाठीमागून आवाज आला, अरे गाढवा, आधी गिअर बघ. बाबा दारात उभे होते, हातात कपबशी, पाठ टीव्हीकडे. म्हणाले, आता डावीकडे घे. पुढे शाळा आहे, थांबा शाळेच्या पलीकडे आहे, अलीकडे थांबवू नकोस, तिथे दंड लागतो. मग पूल. पुलाच्या उतारावर ब्रेक आधीच लाव. मग दवाखाना, तिथे म्हातारी चढेल. मी चालवत गेलो आणि शाळा आली, पूल आला, दवाखान्यापाशी म्हातारी उभी होती. त्यांनी एकदाही पडद्याकडे बघितलं नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत सगळा रस्ता सांगितला, कुठल्या चौकात सिग्नल उशिरा सुटतो तेसुद्धा. मी उठून त्यांच्यापुढे गेलो तर त्यांचा चेहरा पडला होता. म्हणाले, बघ, हे फालतू सगळं लक्षात राहतं. आणि त्या दिवशी बटण कुठलं दाबलं, ते काही केल्या आठवत नाही. रोज आठवून बघतो.

ताई, कसं आठवेल? त्यांनी दाबलंच नव्हतं. घडलंच नाही ते आठवायला मी त्यांना बसवलं आहे, आणि आठवत नाही म्हणून तू त्यांना डॉक्टरांकडे नेणार आहेस.

मी अजून त्यांना सांगितलेलं नाही. रोज ठरवतो आणि रोज चहा थंड होतो. म्हणून आधी तुला लिहितो आहे. जेवणाच्या सुट्टीत गोदामातल्या खोक्यावर बसून लिहिलं आहे. आमचा ट्रकवाला तासाभरात तुमच्या शहरात माल घेऊन निघतोय, हे पाकीट त्याच्या हातात देणार आणि गाडी फाटकाबाहेर गेलेली डोळ्यांनी बघणार. म्हणजे मग मला माघार घेता येणार नाही. तुला कळलेलं असेल आणि त्यांना नसेल, असं मी एक दिवससुद्धा सोसू शकणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो. आज संध्याकाळी घरी जाऊन बाबांना खुर्चीत बसवून सगळं सांगणार, वाकडं सील, उरलेले पैसे, मी चढवलेला आवाज, आणि तुझ्या कानावर घातलेलं दूध आणि छत्रीसुद्धा. तुझे पैसे मी फेडीन, पण आत्ता तो विषय काढू नकोस. बाबांनी मला घराबाहेर काढलं तर शिंपीकाकांच्या दुकानात झोपेन. तू रविवारी ये, नक्की ये, पण त्यांना न्यायला म्हणून येऊ नकोस. वय झालं आहे, तपासणी करायची असली तर खुशाल करू, फक्त माझ्या शब्दावरून नको. हे मिळालं की त्यांना फोन कर. तब्येत कशी आहे असं विचारू नकोस, नुसतं हॅलो म्हण आणि ऐक. ते माझ्या नावाने शिव्या देत असले, आणि मी कधी, कुठे, काय बोललो ते तारीखवार सांगून देत असले, तर समज की बॅग मी दारातून उचलून आत ठेवली आहे.

तुझाच, पण तू समजतेस तेवढा सरळ नसलेला,
मोजपट्टी