कोडगं पाणी

४ तारीख, सोमवार
...बाटली टेबलावर टेकवतोय तोच बाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि भोंग्याचं बटण दाबलं. एक बारीक सूर. उणे नऊ अंशांवरही पातळ राहिलेलं पाणी डोळ्यांदेखत गोठलं. नवी नोकरी अशी सुरू झाली. बाई प्रयोगशाळेच्या प्रमुख. म्हणाल्या, इतकं गार पाणी गोठायला निमित्त शोधत असतं. म्हणून थंड खोलीत सगळे खुणांनी बोलतात. मला शिंक आली. सहा बाटल्या गेल्या. पाहुण्यांचा पायगुण चांगला आहे, बाई म्हणाल्या. तेव्हापासून मी ‘पाहुणे’.

६, बुधवार
एका झऱ्याचं पाणी मात्र गोठतच नाही. उणे तीस अंश, भोंगा, हातोडी, ढिम्म. बाई त्याला कोडगं म्हणतात. बायकोला गंमत दाखवायला थोडं थर्मासमधून घरी आणलं. मी कपडे बदलेपर्यंत आमची लेक ठकी शाळेतून आली आणि तहान लागली म्हणून सगळं पिऊन बसली. मस्त गार होतं, म्हणाली.

७, गुरुवार
ठकीचा हात लोखंडासारखा गार. थर्मामीटरचा पारा हलत नाही. खेळते, जेवते, आईशी भांडते. डॉक्टरांनी थर्मामीटर दोनदा झटकला आणि तो बिघडलाय म्हणाले. बायको म्हणाली, तिला स्वेटर घाल आणि माझं डोकं खाऊ नकोस.

८, शुक्रवार
बाईंनी थंड खोलीच्या दारातून मला लांबून हाक मारली. अहो पाहुणेऽऽ. कोडग्या पाण्याच्या चारही बाटल्या पांढऱ्या झाल्या. तडकल्या.
आणखी चार आणून हाका मारून पाहिल्या. शब्द कुठलाही चालतो. माणसाने सूर ओढला की झालं. हाक.

९, शनिवार
बायकोला सांगितलं. ती हसली नाही. ठकीच्या कपाळावर हात ठेवून बसून राहिली. आता हाक नाही. जवळ जायचं, खांद्याला हात लावायचा. शाळा बंद. शेजारणीला घसा बसल्याचं सांगितलं — दोघांचा.

१०, रविवार
ठकी ऐकत नाही. खाली गेली. बायको चप्पल न घालताच मागे धावली. मी खिडकीशी. लिहीत राहिलं की तोंड बंद राहतं.
चेंडू. रस्त्यावर गेला —
ट्रक मागून येतोय. तिची पाठ आहे. बायको अजून जिन्यात —

११, सोमवार, सकाळ
हाक मारली. ठकी जागीच थांबली. ट्रक तिच्यापासून हातभरावरून वळून गेला.
उचलून घरात आणली. एक पाय अजून पुढेच आहे. बायको तिच्याशी कुजबुजत बोलते.