फळीवरची बाई

४ जानेवारी २००४, तळेगाव ढमढेरे

आले एकदाची! दौंडहून निघताना आईने डब्यात इतक्या पोळ्या कोंबल्या की मी लडाखला चालले असं वाटावं. बाबा रेल्वे क्वार्टरच्या दारात उभे राहून म्हणाले, चित्रकलेची पदविका घेऊन लग्नाचे फोटो चिकटवायची नोकरी धरलीस, आता निदान टिकव. टिकवणारच. जयसिंगमामांच्या स्टुडिओत नवा कॉम्प्युटर आहे, स्कॅनर आहे, छोटा डिजिटल कॅमेरा आहे, आणि दुपारी बारा ते चार गिऱ्हाईक फिरकत नाही. ते चार तास माझे.

मार्चअखेर पुण्यात माझं पहिलं प्रदर्शन. बारा चित्रं हवीत, झालीत तीन. तळहातातून ऊस उगवलेली बाई, पाठीवरून नदी वाहणारी बाई, कानात पाखरांनी घरटं केलेली बाई. सगळ्यांत बाई मीच, कारण फुकटात बसणारं दुसरं कोण मिळणार? मालिकेचं नाव ‘उसना देह’. शरीर आपलं नसतंच, माती-पाण्याकडून थोडे दिवस मागून आणलेलं असतं, असं मला फार वाटतं. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणतील, आधी जेव.

जयसिंगमामा माझे सख्खे मामा नव्हेत, अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं. साठीचे, सफारी घालणारे, कॉम्प्युटरला चटका बसेल अशा बेताने बोट लावणारे. स्टुडिओमागची खोली त्यांनी मला राहायला दिली आहे. खिडकीतून ऊसच ऊस. मी खूश आहे.

७ जानेवारी

पडद्यामागे एक बाई उभी आहे हे आज कळलं. प्लायवूडची आहे. मामांच्या वडिलांनी, आप्पांनी, रंगवलेली. जांभळं नऊवारी, मांडीवर हात, आणि डोकं नाही! इकडच्या कित्येक म्हाताऱ्यांनी जन्मात फोटो काढलेला नसतो. गेल्यावर घरचे मतदान ओळखपत्र घेऊन येतात. त्यावरचा नखाएवढा चेहरा मोठा करायचा, फळीवरच्या बाईच्या धडावर बसवायचा, फोटो काढून फ्रेम करायची. निम्म्या तालुक्याच्या भिंतींवर तेच पातळ, तेच हात. आणि हात कसले, केळ्यांचे घड नुसते.

मी पोट धरून हसले. मामाही हसले आणि त्यांनी आप्पांचा कायदा ऐकवला, “जित्याचं अंग मेलेल्याला द्यायचं न्हाई. फळीच बरी.” का, ते त्यांना ठाऊक नाही म्हणाले. आप्पा सांगायचे, हे ऐकायचे.

११ जानेवारी

टाकळी हाजीला जाऊन कुकडीचे रांजणखळगे पाहून आले. पाण्याने दगड गोल गोल फिरवून खडकात विहिरी कोरल्यात. किती हजार वर्षं लागली असतील! एका खळग्याच्या काठावर पोटावर झोपून आत वाकले, तर खाली आभाळ आणि त्यात माझं तोंड. रडू आलं, उगाच नाही, खरंच आलं.

परत येऊन टायमर लावून स्वतःचे फोटो काढले आणि ‘देह’ नावाची एक फाईल केली. अंग एका थरात, चेहरा दुसऱ्या थरात. चेहरा झाकला की नुसतं धड उरतं, त्यावर काहीही लावा. मामांना प्रिंट कशी काढायची तेवढं शिकवलं. दोन बटणं, पण त्यांचा आनंद मावेना.

१५ जानेवारी

आज धम्मदीप सर आले. इथल्याच शाळेत शिकवतात. त्यांच्या आई चांगुणाबाई गेल्या, वीस तारखेला सकाळी पुण्यानुमोदन आहे, फोटोपुढे फुलं वाहायची आहेत. फोटो ओळखपत्रावरचा, तोही पुसट. रंग कळावा म्हणून त्यांनी आईचं पांढरं पातळ सोबत आणलं होतं. मामा फळी काढायला निघाले, मीच अडवलं. मीच ते पातळ नेसून खुर्चीत बसले, मांडीवर हात ठेवून टायमरने फोटो काढला आणि ‘देह’ फाईलमध्ये हेच धड घातलं. जुनं पुसून टाकलं, कारण डिस्कवर जागाच नाही. वर चांगुणाबाईंचा चेहरा बसवला.

सर बराच वेळ बघत राहिले. मग संकोचून म्हणाले, “ताई, आईचं डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट कडबाकुट्टीच्या यंत्रात गेलं होतं, वरचं पेर. त्या तुटक्या बोटाशिवाय ती आई वाटत न्हाई.” मी दोन मिनिटांत, सरांच्या प्रिंटपुरतंच, तर्जनीचं पेर खोडलं. सर तिथेच रडले. माझ्या कुठल्याच चित्रापुढे आजवर कोणी रडलेलं नाही.

मामांनी आप्पांच्या कायद्याची आठवण करून दिली, पण चेष्टेनेच.

२० जानेवारी

विचित्र प्रकार. सकाळी अकराच्या सुमारास, कॉम्प्युटरसमोर बसलेली असताना, मांडीवर ओलसर गार काहीतरी पडलं. पाहिलं तर काहीच नाही. पण दिवसभर तळहातांना निशिगंधाचा वास येतो आहे. साबणाने दोनदा धुतले.

डाव्या तर्जनीचं पेर बधिर आहे. माऊसने झालं असेल म्हणावं, तर माऊस उजव्या हातात असतो.

२७ जानेवारी

पेर तसंच. टाचणी टोचली, रक्त आलं, दुखलं नाही.

सरांच्या फ्रेमची गावभर चर्चा. आज शिक्रापूरचे एक गृहस्थ आले, आई अनसाबाई. त्यांना फळी नको, “जित्ता वाटनारा” फोटो हवा. चुलीत भाजल्यापासून आईची उजवी मूठ उघडत नव्हती, तेवढं दाखवा म्हणाले. त्याच धडावर मूठ मिटवली. काम छान झालं. पण करताना मन लागलं नाही.

२८ जानेवारी

उजवी मूठ उघडत नाही.

डाव्या हाताने लिहिते आहे. अक्षर बालवाडीतलं. मामांनी गरम पाणी दिलं, शेक म्हणाले, दिवसभर कॉम्प्युटर केल्यावर दुसरं काय होणार. डॉक्टरही तेच म्हणाले. खरं काय ते त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी मला येरवड्यालाच धाडलं असतं. मी चित्रकार आहे. हात गेले तर माझ्याकडे उरतं काय? मला फार भीती वाटते.

‘देह’ उघडून मूठ पुन्हा उघडायला गेले. पण उघडा हात आहे कुठे? तो मीच पुसला.

एक कळत नाही. माझ्या चित्रात तळहातातून ऊस उगवला, तेव्हा मला काही झालं नाही. ते माझं माझ्यापाशी होतं. हे मात्र मी देऊन टाकलं.

३१ जानेवारी

धम्मदीप सरांकडे गेले. सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही, आई कुणाचं काही घेणारी नव्हती. मग माझ्या बोटाकडे बघितलं, उठले आणि भिंतीवरची फ्रेम स्वतः काढून दिली. म्हणाले, “तुमी घाबरलाय ना ताई, मंग न्या.”

चांगुणाबाईंचा चेहरा फळीवरच्या बाईला लावला. तीच फ्रेम, आत फळी. सरांना नेऊन दिली, त्यांनी लगेच टांगली. आधीची प्रिंट जाळली.

१ फेब्रुवारी

पेराला जाणीव आली! टाचणी टोचली, ओरडले, आणि आनंदाने अजून एकदा टोचली.

म्हणजे उपाय आहे. फ्रेम परत आणायची, आत फळी घालायची. आता अनसाबाई.

४ फेब्रुवारी

शिक्रापूरला तीन खेपा. गृहस्थ फ्रेम द्यायला तयार नाहीत. शेवटी त्यांची बायको म्हणाली, बाईमाणसाचा हात हाय, द्या की. उद्या न्या म्हणाले.

एका हाताने मूठ कवटाळून झोपते. प्रदर्शनवाल्यांचं पत्र आलंय. फोडलं नाही.

५ फेब्रुवारी

शिक्रापूरहून फ्रेम घेऊन दुपारी परतले. आता ही बदलली की सुटले, असं म्हणत आत आले, तर मामा खुशीत. सकाळी केडगावच्या सरूबाई आल्या होत्या म्हणे. आईचं, कुशाबाईंचं, उद्या अकरा वाजता वर्षश्राद्ध. आईचा एकही फोटो नाही, ओळखपत्रसुद्धा नाही. कॉम्प्युटर चालूच होता, ‘देह’ उघडी होती. मीच ठेवली होती — चेहऱ्याचा थर न झाकता. सरूबाईंनी पडद्यावर पाहिलं आणि हंबरडा फोडला, “हीच की माझी आई! तरुनपनी अशीच व्हती!”

मामांनी दोन बटणं दाबली. मीच शिकवलेली.

“बाई रडाया लागली, म्हनलं द्यावं. तुझंच नाव झालं की पोरी,” असं म्हणाले. मी किंचाळले. ते घाबरले. मग मी त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते खुर्चीत बसले आणि त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं, की फळी रंगवायच्या आधी आप्पा मामांच्या आईलाच बसवायचे. “आई उरली न्हाई, तवा फळी आली,” म्हणाले.

माझा चेहरा. माझं अंग. आणि उद्या त्याला हार घालणार.

सरूबाईंनी दिलेल्या नंबरावर कोणी उचलत नाही. मामांनी आताच जीप शोधली, मिळाली नाही. सकाळची पहिली. अनसाबाईंची फ्रेम तशीच राहिली.

६ फेब्रुवारी, जीपमध्ये

सकाळची जीप दोन तास उशिरा भरली. मामा पुढे बसलेत, मी मागे. फळीची प्रिंट पिशवीत आहे, चेहऱ्यावर पदर ओढलेली, कारण कुशाबाईंचा चेहरा आहे कुठे?

न्हावऱ्याच्या पुढे अडकलो. उसाच्या ट्रॉल्या, बैलगाड्या, एक ट्रॉली आडवी. साडेदहा.

लिहीत राहते. हात चालतोय तोवर मी आहे.

पावणेअकरा. मामा उतरून ट्रॉलीवाल्याच्या पाया पडतायत. दिसतंय इथून.

मामा परत चढले, हललो. थोडंसं. पुन्हा थांबलो.

मामांना हाक मारली — त्यांनी मागे पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या जागेकडे पाहिलं, आणि त्यांचं तोंड —

अकरा.

कपाळावर गार काहीतरी. बोट लावून पाहिलं. कोरडं.

धूप. उदबत्ती. इथे कोणी लावलेली नाही.

गळ्यात — जड. ओलं. झेंडू. काढता येत नाही, हाताला लागत नाही —

आई, बाबा, मी

शेजारच्या बाईने माझ्या मांडीवर पिशवी ठेवली. इथली जागा मोकळीच आहे ना, असं ती ड्रायव्हरला विचार